लाट वाऱ्याची, भरती चंद्राची



पावसाळा तोंडावर आला की घरोघरच्या मोबाइलवर एक यादी फिरू लागते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोणत्या दिवशी, किती वाजता समुद्रात साडेचार मीटरहून उंच ‘लाटा’ उसळणार, याच्या तारखा तिच्यात असतात. तारखा खऱ्या असतात. मुंबईत महापालिका दरवर्षी असे दिवस जाहीर करते. पण ती यादी असते भरतीची. हातोहाती फिरताना कुठेतरी ‘भरती’ची ‘लाट’ होते आणि तिथेच घोळ सुरू होतो.

या घोळाचे दोन परिणाम होतात. काही माणसे विनाकारण घाबरतात. त्यात फार बिघडत नाही. दुसरी माणसे त्या दिवशी किनाऱ्यावर जाऊन येतात, दुमजली घराएवढी लाट काही दिसत नाही, आणि मग म्हणतात, “हे हवामानवाले उगाच भिववतात.” हा समज महाग पडतो. कारण यादीत नसलेल्या तारखेला समुद्र निर्धोक आहे, असे ती धरून चालतात. जुलैच्या एखाद्या साध्या दिवशी, भरती जेमतेम असताना, खडकावर फोटो काढणारी मुले लाटेबरोबर आत ओढली जातात ती याच गैरसमजातून. म्हणून या महिन्यात आपण लाट आणि भरती यांची फारकत नीट समजून घेऊ.

चंद्राचे काम

भरती म्हणजे संपूर्ण समुद्राचे पाणी हळूहळू वर चढणे. सुमारे सव्वासहा तास पाणी चढते, तेवढाच वेळ उतरते. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या. हे काम मुख्यतः चंद्राच्या ओढीचे. सूर्याची ओढही असते, पण चंद्रापेक्षा कमी. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते.

यादीत ‘४.८ मीटर’ लिहिलेले असते ती उंची एका ठरावीक तळरेषेपासून मोजतात. ही रेषा मोठ्यात मोठ्या ओहोटीच्या पातळीजवळ धरलेली असते. मुंबईत समुद्राची सरासरी पातळीच या रेषेपासून सुमारे अडीच मीटरवर आहे. म्हणजे ४.८ मीटरची भरती ही सरासरीहून सव्वादोन मीटरच्या आसपास वर चढलेली पातळी झाली. ती भिंतीसारखी अंगावर येत नाही. धक्क्याच्या पायऱ्या एकेक करून बुडत जातात, इतकेच. डिसेंबर-जानेवारीच्या उधाणातही पाणी जवळपास एवढे चढते, पण तेव्हा कुणी यादी फिरवत नाही.

मग पावसाळ्यात या यादीला महत्त्व का? कारण नाले. समुद्राची पातळी नाल्याच्या तोंडाहून वर गेली की शहरात पडलेले पाणी बाहेर जाऊ शकत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दुपारी भरतीही होती. त्या दिवशी मुंबई बुडाली ती पावसाने. भरतीने पाण्याची वाट अडवून धरली. तेव्हा ही यादी कुर्ला, सायन, मिलन सबवे अशा सखल भागांत राहणाऱ्यांनी जरूर जपून ठेवावी. पण ती लाटांचा अंदाज म्हणून वाचू नये.

आपल्या घरांत भरतीचा हिशेब कळणे तसे सोपे आहे, कारण आपले महिने चंद्राचेच आहेत. अमावस्या-पौर्णिमेला चंद्र, सूर्य आणि पृथ्वी एका रेषेत येतात आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत सर्वांत मोठी भरती येते. किनाऱ्यावर तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चंद्र-सूर्याची ओढ एकमेकांना काटकोनात असते, तेव्हा पाणी थोडे चढते, थोडे उतरते, तो भांग. आता हे हिजरी तारखांना लावून पाहा. अमावस्येनंतर चांद दिसतो तेव्हा १ तारीख सुरू होते, म्हणजे पहिले दोन-तीन दिवस उधाणाचे. तसेच १४ ते १७ हेही उधाणाचे. ७ ते ९ भांगाचे.

यातून एक गंमत निघते. ईदुल फित्र १ शव्वालला असते, म्हणून ती कोणत्याही साली येवो, ती उधाणातच येते. शब-ए-बरात शाबानच्या चौदाव्या-पंधराव्या दरम्यानची रात्र, तीही उधाणाची. ईदुल अज्हा आणि आशुरा दोन्ही १० तारखेला, म्हणून त्या दिवशी समुद्र भांगाच्या बाजूला असतो. भरतीच्या वेळेसाठी कोकणात जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढे वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. हिजरी तारीख आपल्याकडे शुक्ल तिथीच्या साधारण एक दिवस मागे असते, तेव्हा तारखेत एक मिळवून पाऊणपट केली की ढोबळ वेळ मिळते. ईदच्या दिवशी दुपारी एक-दीडच्या सुमारास पाणी चढलेले असणार. ईदची नमाज आटोपून मुलाबाळांसह हाजी अलीला निघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. उधाणाच्या भरतीत दर्ग्याचा रस्ता पाण्याखाली जातो.

वाऱ्याचे काम

चंद्राला भरती ठाऊक असते, ऋतू ठाऊक नसतो. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून आपले सण सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतात. २०१४, २०१५ आणि २०१६ या तिन्ही साली ईदुल फित्र जुलैत आली. २०२५ साली ती मार्चच्या शेवटी आली. चांद तोच, १ शव्वाल तीच, उधाण जवळपास तेवढेच. पण जुलैतल्या ईदचा समुद्र आणि मार्चमधल्या ईदचा समुद्र यांत जमीन-अस्मानाचा फरक. हा फरक वाऱ्याने पडतो.

बशीतल्या चहावर फुंकर मारली की बारीक सुरकुत्या उठतात. फुंकर जोरात मारा, जास्त वेळ मारा, सुरकुत्या वाढतात. पण बशीचा काठ लवकर येतो म्हणून त्या मोठ्या होत नाहीत. समुद्रातही लाट तीन गोष्टींवर ठरते: वारा किती जोराचा, किती वेळ वाहिला आणि किती लांब मोकळ्या पाण्यावरून आला. पावसाळ्यात अरबी समुद्रावर या तिन्ही गोष्टी एकदम जुळून येतात. जूनपासून केनिया-सोमालियाच्या किनाऱ्यालगत एक जोरदार वाऱ्याचा झोत तयार होतो आणि सोकोत्रा बेटावरून, ओमानच्या बाजूने वळून थेट आपल्याकडे येतो. जॉन फिंडलेटर या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात त्याचा मार्ग शोधून दाखवला, म्हणून त्याला फिंडलेटर झोत म्हणतात. हा झोत हजारो किलोमीटर मोकळ्या समुद्रावरून आठवडेच्या आठवडे वाहत राहतो. समुद्राला उसंतच मिळत नाही.

लाटा कधी एकसारख्या नसतात, म्हणून त्यांची उंची सांगण्याची एक रीत आहे. काही वेळात येऊन गेलेल्या लाटांपैकी सर्वांत उंच एक तृतीयांश लाटा घ्यायच्या आणि त्यांची सरासरी काढायची. अंदाजात ‘लाटांची उंची २ मीटर’ म्हणतात ती ही. तिचा अर्थ ‘दोन मीटरच्या वर एकही लाट येणार नाही’ असा नाही. त्याच समुद्रात अधूनमधून जवळजवळ दुप्पट, म्हणजे चार मीटरच्या आसपासची एकटी लाट येऊ शकते. अर्धा तास समुद्र पाहिला, लाटा खडकाच्या खालीच फुटत होत्या, म्हणून खडकावर उतरलो, असे सांगणाऱ्यांना फसवते ती हीच लाट.

आता वर्षाचा हिशेब पाहू. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यापुढे हिवाळ्यात ही उंची एक मीटरच्या आत-बाहेर असते. पावसाळ्यात ती सरासरीनेच दोन-तीन मीटर होते आणि वाऱ्याचा जोर वाढला की त्याच्याही वर जाते. सर्वांत खवळलेला महिना जुलै. ओमान-सोकोत्राच्या बाजूला लाटा आपल्याहूनही मोठ्या असतात. ज्यांची माणसे सलालाला आहेत त्यांना तिथला खरीफ आणि त्या दिवसांतला समुद्र माहीत असेल. एक मीटर आणि तीन मीटर यांतला फरक तिप्पट वाटतो, पण लाटेची ताकद उंचीच्या वर्गाने वाढते. तिप्पट उंच लाटेत नऊपट जोर असतो. जानेवारीत जी होडी आरामात झुलते, तिच्यावर जुलैत नऊपट मार बसतो.

समुद्राचे बारा महिने

डिसेंबर ते फेब्रुवारी वारे बहुतेक जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, म्हणून किनारा शांत. मात्र या दिवसांत अरबस्तानावरून ‘शमाल’ वारे सुटतात. शमाल म्हणजे अरबीत उत्तर. हे वारे अरबी समुद्राच्या वायव्य भागावर उतरले की तिथे उठलेल्या लाटा काही दिवसांनी गोवा-रत्नागिरीच्या किनाऱ्याला येऊन लागतात. आपल्याकडे वाऱ्याची झुळूकही नसते आणि वायव्येकडून लाटा येत राहतात.

मार्च ते मे सकाळी समुद्र आरशासारखा, दुपारी खारे वारे सुटले की चुळबुळ, रात्री पुन्हा थंड. याच काळात फार दूरच्या पाहुण्या लाटाही येतात. दक्षिण गोलार्धात, अंटार्क्टिकाच्या बाजूला मोठी वादळे झाली की तिथल्या लांब लाटा आठवडाभर प्रवास करून भारताच्या किनाऱ्यावर पोचतात. केरळात आभाळ निरभ्र असताना त्या अचानक घरात शिरतात. तिथले कोळी त्यांना ‘कल्लक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोरासारखा आलेला समुद्र. शास्त्रज्ञांनीही हाच शब्द घेतला आहे.

जून ते सप्टेंबर समुद्र चढलेला. किनाऱ्याचे रूपच बदलते. मोठ्या लाटा वाळू ओढून आत नेतात, पुळण उतरती आणि अरुंद होते. दिवाळीनंतर लहान लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. पावसाळ्यात फुटलेल्या लाटांचे पाणी मागे फिरताना कुठेतरी वाट काढून जोरात आत जाते. वरून ती जागा उलट शांत दिसते, म्हणून नवखी माणसे नेमकी तिथेच उतरतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात समुद्र निवतो. पण पावसाळ्याच्या आधी आणि नंतर चक्रीवादळांचा धोका असतो. मे २०२१च्या ‘तौक्ते’ वादळात मुंबईपासून दूर समुद्रात ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला आणि अनेक कामगार दगावले. त्याआधी ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ने श्रीवर्धनपासून अलिबागपर्यंत घरे, नारळी-पोफळी आडव्या केल्या, तिथल्या आपल्या बांधवांच्या वाड्या लगेच पूर्ववत होणाऱ्या नव्हत्या, कारण नारळाचे झाड एका वर्षात उभे राहत नाही.

मोसम हा शब्द कुठला?

आपण मराठीत सहज ‘मोसमी वारे’ म्हणतो. हा शब्द अरबी ‘मौसिम’. ठरलेली वेळ, हंगाम असा त्याचा अर्थ. दर्यावर्दी त्याच शब्दाने जहाज सोडण्याचा हंगाम सांगत. पोर्तुगिजांनी तो उचलला, पुढे इंग्रजीत त्याचे ‘मान्सून’ झाले. नाखवा हा आपल्या किनाऱ्यावरचा शब्दही फारसी ‘नाखुदा’वरून, म्हणजे जहाजाचा मालक-कप्तान. हे शब्द पुस्तकांतून आले नाहीत, गलबतांतून आले. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६च्या सुमारास, मसऊदी हे प्रवासी इतिहासकार आपल्या चौलला येऊन गेले. ते या बंदराला सैमूर म्हणतात आणि तिथल्या मोठ्या मुस्लिम वस्तीची नोंद करतात.

या लोकांपुढचा पेच लक्षात घ्या. इबादतीचे, रोज्यांचे, हजचे दिवस चंद्राने ठरणार; पण वारा आणि लाट चंद्राचे ऐकत नाहीत. रजबमध्ये जहाज सोडा, असा नियम केला तर काही वर्षांतच तो रजब भर पावसाळ्यात येणार. म्हणून अरब दर्यावर्दींनी दुसरा हिशेब ठेवला. नवरोजपासून किती दिवस झाले हे मोजून ते निघण्याचे दिवस ठरवत. जुल्फार, म्हणजे आजच्या रास अल खैमा इथले अहमद इब्न माजिद यांनी पंधराव्या शतकाच्या शेवटी ‘किताब अल-फवाइद’ हा नौकानयनाचा ग्रंथ लिहिला, त्यात कोणत्या बंदरातून केव्हा निघावे हे असेच नवरोजच्या दिवसांनी सांगितले आहे. नैर्ऋत्य वाऱ्यांच्या ऐन भराचे दिवस हे त्यांच्या लेखी समुद्र बंद असण्याचे दिवस. इतके मुरलेले नाखुदा, पण त्या दिवसांत तेही निघत नसत.

हजच्या जहाजांनाही हाच नियम होता. सुरतेहून जहाजे साधारण मार्चच्या सुमारास तांबड्या समुद्राकडे निघत आणि पावसाळ्याचा जोर ओसरता ओसरता, ऑगस्टमध्ये तिकडून निघून सप्टेंबरात परत येत. हजचा महिना दरवर्षी सरकणार आणि वारा मात्र आपल्या वेळेलाच येणार, म्हणून कित्येक हाजींना मक्का-जिद्द्यात महिनोन् महिने थांबावे लागे. घरची माणसे इकडे वाट पाहत असत. पुढे आगबोटी आल्या, मुंबईहून १९९५ पर्यंत हाजी जहाजाने जात होते. वाऱ्याची गरज संपली. लाटांचा जोर मात्र तेवढाच राहिला.

रामदास

तो विसरल्याची किंमत काय होते, हे १७ जुलै १९४७ ने दाखवले. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईच्या बंदराबाहेर काश्याच्या खडकाजवळ बुडाली. सुमारे सातशे माणसे होती, सहाशेच्या वर गेली. रमजानला दोन-तीन दिवस उरले होते, हिंदू बांधवांची अमावस्या होती, माणसे सणासाठी गावी निघाली होती. महिना जुलै. प्रवास फार लांबचा नव्हता. पलीकडचा किनारा दिसतो एवढाच. पण सणाची तारीख आली म्हणून समुद्र निवत नाही.

आज गेट वे ते मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात, राजपुरीहून मुरूड-जंजिऱ्याला जाणाऱ्या होड्या बंद असतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. मासळीच्या विणीसाठी ही बंदी आहेच, पण ती लाटांच्या सर्वांत वाईट दिवसांवरही बसते. या ६१ दिवसांत मिरकरवाडा, राजिवडा, हर्णैच्या घरांत कमाई थांबते, खर्च थांबत नाही. आपल्या आजी-नानींनी याचे उत्तर आगोटीच्या बेगमीत शोधले होते. मेमध्येच सुके बोंबील, सोडे, सुकट, खारवलेली मासळी डब्यांत भरली की दोन महिने चूल समुद्रावर अवलंबून राहत नसे. एखादा तरुण “दोन तासांत जाऊन येतो” म्हणत होडी ढकलतो, त्यामागे पुष्कळदा रिकामा डबा असतो. म्हणून बेगमी ही नुसती चवीची गोष्ट नाही; घरच्या तांडेलाला घरी थांबवण्याची ती खात्रीची वाट आहे. ज्या घरांना ती जमत नाही, त्यांची आठवण शेजाऱ्यांनी मेमध्येच ठेवावी, जुलैत नव्हे.

घरात लावून ठेवावे असे

समुद्राबद्दल कुणी एक आकडा सांगितला की विचारावे, हा भरतीचा की लाटेचा? भरतीची वेळ आपल्याला हिजरी तारखेवरून ढोबळ कळते. लाटेची उंची हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था रोज सांगते आणि मासेमारांसाठी हवामान खाते इशारे देते. दोन्ही आकडे पाहिल्याशिवाय किनाऱ्याचा बेत करू नये.

मोठी लाट आणि मोठी भरती एकाच वेळी आली की किनाऱ्याला सर्वांत जास्त मार बसतो. पावसाळ्यातले १ ते ३ आणि १४ ते १७ हे हिजरी दिवस त्यासाठी जपावेत. पण भांगाच्या दिवशीही जुलैची लाट जुलैचीच असते, हे मुलांना पक्के सांगावे.

जून ते सप्टेंबर पाण्यात उतरायचे नाही, ओल्या खडकावर जायचे नाही. खडक ओला आहे याचा अर्थ लाट तिथवर येऊन गेली आहे. कुणी ओढला गेला तर त्याच्यामागे पोहत जाऊ नये. दोरी, रिकामा डबा, जे तरंगेल ते फेकावे आणि माणसे बोलवावीत. एकाला वाचवायला गेलेले दोघे बुडाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

पुढच्या महिन्यात चांद दिसला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर उधाणाचे दिवस मुलांकडून खुणा करून घ्या. आणि त्याच कॅलेंडरवर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांभोवती एक मोठी चौकट काढायला सांगा. चंद्राचा हिशेब आणि वाऱ्याचा हिशेब, दोन्ही एकाच पानावर दिसले पाहिजेत.